डावीकडून दुसरा निळा

मी घाबरट आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. पुण्यातून मेलबर्नला येऊन अठरा वर्षं झाली, पीआर म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी झाली, ग्लेन वेव्हर्लीत घर झालं, लेक इथल्या शाळेत जाऊन माझ्याशी इंग्रजीत भांडायला लागली, पण माझी भीती काही कमी झाली नाही. नोकरीही नेमकी तशीच मिळाली. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामात काय काय बिघडू शकतं ते दिवसभर शोधत बसायचं, याचा मला पगार मिळतो. नवरा म्हणतो, ‘‘तू हे फुकटातसुद्धा केलं असतंस.’’ टोमणा आहे, पण खोटा नाही.

सगळ्यात जास्त भीती गाडीची. लायसन्स आहे माझ्याकडे. पुण्यात मी लक्ष्मी रोडवरून गाडी काढलेली बाई आहे. पण इथे पहिल्याच वर्षी फ्रीवेवर शिरताना मागच्या ट्रकने असा काही हॉर्न दिला, की मी कडेला गाडी थांबवून रडत नवऱ्याला फोन केला. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. ऑफिसला ट्रेनने जाते, भाजीला चालत जाते, बाकी सगळीकडे नवरा नेतो. आणि तो नेतो तेव्हा मी शेजारी बसून अखंड बोलते. ‘‘लाल आहे, लाल आहे. अरे, डावीकडून येतोय बघ तो. सायकल, सायकल!’’ पायाखाली नसलेला ब्रेक दाबून दाबून माझी पोटरी दुखते. लेक मागून म्हणते, ‘‘मम, प्लीज, जस्ट स्टॉप.’’

तर अशी मी, पंचेचाळिशी ओलांडल्यावर वॉटरकलर शिकायला गेले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, मन रमेल असं काहीतरी करा, ब्लड प्रेशर वाढतंय. आमच्या सबर्बच्या कम्युनिटी हॉलमध्ये बुधवारी सकाळी क्लास असायचा आणि बुधवारी माझं वर्क फ्रॉम होम. शिकवणारे एक इंग्रज आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे, उंच, वाकलेले, मनगटापर्यंत गेलेल्या स्वेटरच्या बाहीला कायम रंगाचे डाग. मी सवयीने ‘सर’ म्हटलं. ते म्हणाले, ‘‘माय डिअर, ‘सर’ पदवी द्यायला मला राणीने काही बोलावणं पाठवलं नाही कधी.’’ सगळ्या बायका हसल्या. मी लाजले, पण सर म्हणणं सोडलं नाही. शिकवणाऱ्याला नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही, काय करणार.

सरांचा जन्म इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या सपाट, पाणथळ भागातला. वडील तिथले पाण्याचे पाट साफ करायच्या कामावर होते. सर सांगायचे, तिकडे जमीन एवढीशी आणि बाकी सगळं आकाशच, त्यामुळे पोरगा आकाशच काढायला शिकणार. सतराव्या वर्षी एका म्हाताऱ्या चित्रकाराकडे ब्रश धुवायला लागले आणि तिथेच शिकले. चोविसाव्या वर्षी बोटीने इकडे आले. शाळेत ड्रॉइंग शिकवायचं, शनिवार-रविवार गाडीत सामान टाकून रानात जायचं, असं आयुष्य गेलं. ग्लेन वेव्हर्लीत सफरचंदाच्या बागा होत्या तेव्हा त्यांनी घर घेतलं, आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून. बायको गेल्यापासून एकटेच होते.

‘‘पहिली दहा वर्षं मी इथे बसून इंग्लंडच काढत होतो,’’ असं ते म्हणायचे. त्यांची जुनी चित्रं मी पाहिली आहेत. खरंच, त्यातली युकॅलिप्टसची झाडं अशी ओली, हिरवीगार दिसतात, की आत्ता पाऊस पडून गेलाय. मग हळूहळू झाडं राखाडी झाली, गवत वाळलं, आकाश उंच गेलं. इथल्या उन्हात कागदावर रंगाचा ओला थर दिला की ब्रश दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत पहिलं टोक वाळतं. म्हणून ते कागद मागून-पुढून भिजवायचे, पाण्याच्या बाटलीत ग्लिसरीनचा थेंब टाकायचे आणि उत्तरेच्या वाळवंटाकडून गरम वारा सुटायच्या आत काम संपवायचे. पांढरा रंग त्यांच्या पेटीतच नव्हता. झाडाचं पांढरं खोड काढायचं तर तेवढा कागद कोरा सोडायचा आणि आजूबाजूने रंगवायचं.

मला तर या वॉटरकलरचं टेन्शनच यायचं. यात अनडू नाही. एकदा रंग कागदात उतरला की उतरला. पहिल्या दिवशी मी श्वास रोखून आकाशाचा थर दिला आणि संपल्यावर लक्षात आलं, खांदे दुखतायत. सर म्हणाले, ‘‘घाबरतेस ते बरं आहे. न घाबरणारे चिखल करतात.’’ मला एवढं बरं वाटलं! माझ्या भित्रेपणाचं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं.

मग एकदा क्लासची सहल निघाली, जवळच्या एका तलावावर. मला नेणारं कुणी नव्हतं, म्हणून सरांनी त्यांच्या गाडीत घेतलं. जुनीपुराणी स्टेशन वॅगन, गिअरची, मागे स्टूल, फळ्या, पाण्याचे डबे. गाडी निघाली आणि माझं सुरू झालं. लाल आहे, समोरचा थांबतोय, उजवीकडून व्हॅन, आजीबाई क्रॉस करतायत. दहा मिनिटांनी माझं मलाच भान आलं. मी जीभ चावली आणि म्हटलं, ‘‘सॉरी सर, वाईट खोड आहे. आता गप्प बसते.’’

‘‘छे छे,’’ ते म्हणाले. ‘‘चालू दे. चालू दे.’’

पुढच्या बुधवारी क्लास सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि विचारलं, दर शनिवारी ते बाहेर चित्र काढायला जातात, मी येईन का? अहो, मी हवेत! क्लासमधल्या दोन बायका वीस-वीस वर्षं चित्रं काढत होत्या, त्यांची प्रदर्शनं झाली होती. त्यांना सोडून मला? घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘‘बघ, टॅलेंट ओळखलं त्यांनी.’’ लेकीनेसुद्धा फोनमधून मान वर केली. मला वाटलं, सरांना माझ्या हातात काहीतरी दिसलंय.

दीड वर्ष आम्ही जात होतो. शनिवारी सकाळी मी चालत त्यांच्या घरी जायची, डब्यात थालीपीठ आणि शंकरपाळी. यारा व्हॅलीकडच्या कुरणांत, छोट्या बांधांवर, कुठे कुठे. जाता-येता मी बोलायची, ते गाडी चालवायचे आणि मी जीव मुठीत धरून बसायची. पण माझा जीव कुणाच्याही गाडीत मुठीतच असतो, त्यामुळे त्यात मला वेगळं काही वाटलं नाही. तिथे पोचल्यावर ते विचारायचे, ‘‘त्या टेकडीचा रंग काय म्हणशील तू? कोणता हिरवा?’’ मला वाटायचं, मास्तर परीक्षा घेतायत. मी नीट बघून, विचार करून उत्तर द्यायची. ‘‘राखाडीकडे झुकणारा, सर. कडेला थोडा जांभळा.’’ ते मान हलवायचे आणि रंगवायला लागायचे. बघा, एवढं समोर दिसत होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारी मी, मला ती एवढी मोठी गोष्ट दिसली नाही.

गेल्या ऑक्टोबरात त्यांच्या रंगांच्या पेटीची बिजागरी सुटली. पेटी म्हणजे पत्र्याचं, आतून पांढरं, घडी घालायचं पॅलेट. एका बाजूला बारा खोलगट घरं, त्यात रंग पिळून ठेवायचे, ते वाळतात, पुन्हा पाणी लावलं की चालतात. त्यांच्या गुरूंनी दिलेली पेटी होती ती. मी म्हटलं, ‘‘द्या, माझ्या नवऱ्याचा हात या कामात चांगला आहे.’’ आणली घरी. नवऱ्याने बारका स्क्रू लावून पाच मिनिटांत दिली.

आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. माझ्या माहेरी वडिलांचे पाने-पक्कड धुऊन-पुसून पाटावर मांडायचे. इथे आम्ही लॅपटॉप मांडतो, नवऱ्याचा टूलबॉक्स, लेकीचा कंपास, गाडीला फूल वाहतो. झेंडू मी क्लेटनच्या भारतीय दुकानातून आणते. त्या दिवशी सगळं मांडताना मनात आलं, आपल्या गुरूंचं हत्यार आपोआप घरी आलंय, केवढा योग! आणि पूजेला ठेवायचं तर असं खरकटं कसं ठेवणार? वर्षानुवर्षांचे रंगांचे थर, एकमेकांत मिसळलेले, कडांना चिखल. मी भांड्यांचा स्पंज घेतला आणि पेटी लख्ख घासली. तळाचा पत्रा दिसेपर्यंत. सिंकमधून पाणी जाताना आधी तपकिरी गेलं, मग निळं.

मग दुकानात जाऊन तेच बारा रंग नवे आणले. कोणते ते मला पाठ होते, पण कोणत्या घरात कोणता हे काही नेमकं लक्षात नव्हतं. त्यांच्या मांडणीला काही शिस्तच नव्हती, असं मला वाटायचं. सुरुवातीला दोन निळे, मग एकदम लाल, मग मातीचे रंग, शेवटी पिवळा. मी म्हटलं, आपण नीट लावू. फिक्याकडून गडदकडे. पिवळा, मग पिवळी माती, मग गेरू, असं करत करत शेवटी निळे. टेस्टरची शिस्त. कोपऱ्यात हळद-कुंकवाचं बोट लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, नमस्कार केला. किती समाधान वाटलं होतं मला!

शनिवारी गाडीत बसताना मी पेटी त्यांच्या पिशवीत ठेवली. सांगितलं नाही, सरप्राइज. आम्ही एका बांधावर गेलो. आकाश असं निळं, की डोळे दिपावेत. सरांनी फळी मांडली, कागद भिजवला, पेटी उघडली. मी वाट बघत होते, आता म्हणतील, आता म्हणतील. त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, न बघता डावीकडून दुसऱ्या घरात फिरवला, मग पहिल्या घरात, मग तिसऱ्यात थोडासा, आणि कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आकाशाचा थर दिला.

आकाश मातकट पिवळं झालं, खाली लालसर. जंगल पेटल्यावर आपल्या मेलबर्नवर धूर येतो तेव्हा होतं ना, तसं.

मला वाटलं, काहीतरी नवीन करतायत. मोठे चित्रकार आहेत, आपल्याला काय कळतंय. ते गुणगुणत होते. टेकडीसाठी त्यांनी उजवीकडचे रंग घेतले, तर टेकडी निळीशार झाली. मग मागे सरून, मान तिरकी करून त्यांनी चित्राकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘आज निळा छान उतरलाय, नाही? ऑक्टोबरचं आकाश असंच असतं.’’

पहिल्यांदा वाटलं, चेष्टा करतायत. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते माझ्याकडे बघून हसत होते, पण नजर माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी होती. आणि मग दीड वर्षातलं सगळं एकदम जागच्या जागी बसलं. टेकडीचा रंग कोणता म्हणशील. हे लेबल वाच जरा, चष्मा विसरलो. कॅफेत नेहमी, ‘तू घेशील तेच मला.’ त्यांना दिसत नव्हतं. त्यांचा हात साठ वर्षांच्या सवयीने घरं मोजत होता आणि घरं मी बदलून ठेवली होती.

‘‘हो सर,’’ मी म्हटलं. ‘‘छान उतरलाय.’’

खोटं बोलले. एवढी घाबरट.

पण त्याच्या पुढचा विचार त्याहून वाईट होता. घरी जायचंय. पन्नास मिनिटांचा रस्ता, वळणं, ट्रक, मग आमच्या भागातली शनिवारची गर्दी. मी बांधाच्या पलीकडे जाऊन नवऱ्याला फोन लावला. रेंज नाही. तसाही तो लेकीच्या मॅचला गेला होता. ‘सर, गाडी मी चालवते’ म्हणायची हिंमत नव्हती, आणि का चालवते ते सांगायची तर अजिबातच नव्हती. मनातल्या मनात मी त्यांची बाजूही घेत होते. रंग दिसत नसतील एखाद्याला, म्हणून गाडी दिसत नाही असं थोडंच आहे? एवढी वर्षं चालवतायत. काही झालंय का? नाही ना? मग?

बसले गाडीत. पट्टा लावला, दोनदा ओढून बघितला. वाटेत मी एवढं बोलले, एवढं बोलले, की घसा कोरडा पडला. वळण, सर. पिवळा झाला, सर. पुढे ट्रॅक्टर. ते शांतपणे गिअर बदलत होते. एकदाही चुकले नाहीत.

आणि इथे माझ्यातली टेस्टर जागी झाली. काय दुर्बुद्धी म्हणायची! घर दोन किलोमीटरवर राहिलं, रस्ते ओळखीचे, वेग कमी. मला वाटलं, एकदा बघूच. आपण बोललो नाही तर यांना दिसतं का? खात्री झाली की मग ठरवू. मी तोंड मिटलं.

पुढची गाडी थांबली, सरही थांबले. सिग्नल हिरवा झाला, पुढची गाडी निघाली, तेही निघाले. उगाच घाबरले, दिसतंय की सगळं! मग पुढची गाडी वळून गेली आणि रस्ता मोकळा झाला. पार्कजवळचं झेब्रा क्रॉसिंग आलं. डावीकडून एक मुलगी आली, पाच-सहा वर्षांची, पायाने ढकलायच्या स्कूटरवर, गुलाबी हेल्मेट. बाप दोन पावलं मागे. मुलीने आमच्याकडे बघितलं, हात वर केला, शाळेत शिकवतात तसा, आणि निघाली.

मी सरांकडे बघितलं. त्यांचा पाय हलला नाही.

‘‘थांबा!’’ मी मराठीत किंचाळले आणि दोन सीट्सच्या मधला हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. गाडी आचका देऊन फिरल्यासारखी झाली आणि बंद पडली. बॉनेटच्या पुढे गुलाबी हेल्मेट तेवढं दिसत होतं. बापाने मुलीला उचललं. त्याने बॉनेटवर हात आपटला, शिव्या दिल्या, त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. मुलगी रडतसुद्धा नव्हती, नुसती बघत होती. मी काच खाली करून सॉरी, सॉरी म्हणत राहिले. ते निघून गेले. माझे हात हँडब्रेकवरून सुटेनात.

सरांनी समोर बघत विचारलं, ‘‘कोण होतं?’’

मी म्हटलं, ‘‘मुलगी. लहान मुलगी होती, सर.’’

ते म्हणाले, ‘‘तू बोलली नाहीस.’’

तक्रार नव्हती त्यांच्या आवाजात. नुसतं आश्चर्य होतं. आणि मला कळलं, दीड वर्ष मला का नेत होते ते. दोन प्रदर्शनवाल्या बायका सोडून मला का विचारलं ते. माझ्या हातात त्यांना काही दिसलं नव्हतं. मी बोलायची आणि ते गाडी चालवायचे. खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा, ती मुलगी वाचल्याचं बरं वाटायच्या आधी मला त्याचंच वाईट वाटलं. स्वतःची लाज वाटली मग.

मागून हॉर्न वाजायला लागले. मी उतरले, पलीकडे गेले आणि दार उघडून म्हटलं, ‘‘सरका, सर.’’ सतरा वर्षांनी स्टिअरिंग धरलं. पुण्यात शिकलेला क्लच पायाला आठवला. दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. त्यांच्या दारात गाडी लावली तेव्हा माझा ड्रेस पाठीला चिकटला होता.

त्यांनी तिथेच बसून सगळं सांगितलं. डोळ्यांच्या मधोमध डाग आलाय, कडेकडेचं पुसट दिसतं, रंग सगळे पाण्यात बुडवून काढल्यासारखे. डॉक्टरने दोन वर्षांपूर्वीच गाडी बंद करायला सांगितली होती. ‘‘गाडी गेली की मला खिडकीतून कुंपण दिसतं,’’ ते म्हणाले. ‘‘मी साठ वर्षांत कुंपण काढलेलं नाही. एवढा उन्हाळा जाऊ दे. शेवटचा. तू असतेसच बरोबर.’’ एवढा उंच माणूस, माझ्यापुढे असा बोलत होता. मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि घरी आले.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘कळवायला पाहिजे.’’ मला माहीत होतंच. तो रविवार कसा गेला ते मलाच माहीत. कळवलं तर त्यांचं आयुष्य मी संपवणार. नाही कळवलं, तर कधीतरी ते एकटेच निघतील, शेजारी बडबडणारं कुणी नसेल, आणि पुढे कुणीतरी हात वर करून रस्ता ओलांडत असेल. डोळे मिटले की गुलाबी हेल्मेट. सोमवारी लंचमध्ये लायसन्सच्या ऑफिसचा फॉर्म उघडला. तक्रार करणाऱ्याचं नाव आम्ही कळवणार नाही, असं लिहिलेलं होतं. केवढी सोय! माझ्यासारख्या भित्रीसाठीच केल्यासारखी. फॉर्म भरला, सबमिट दाबलं.

नंतरचे सात शनिवार मी त्यांच्या गल्लीतून गेले नाही. स्टेशनला जायला लांबचा रस्ता घ्यायची. बुधवारचा क्लास बंद झाल्याचा ईमेल आला. कारण दिलं नव्हतं. कुणाचीही बेल वाजली की धस्स व्हायचं. एक मात्र केलं. दर शनिवारी नवऱ्याला घेऊन स्टेशनच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी चालवायची. मग गल्लीत. मग मोठ्या रस्त्यावर. तो शेजारी गप्प बसायचा आणि मी चालवता चालवता स्वतःशीच ओरडायची.

आठव्या शनिवारी सकाळी, डबा घेऊन, एकटीने गाडी काढली आणि तीन गल्ल्या ओलांडून त्यांच्या दारात उभी राहिले. बेल वाजवली. दार उघडलं. दाढी वाढलेली, स्वेटर तोच.

‘‘सर, मी कळवलं,’’ मी म्हटलं. ‘‘मीच.’’

‘‘ठाऊक आहे,’’ ते म्हणाले. ‘‘लायसन्सवाले नाव सांगत नाहीत. पण त्यांच्या पत्रात क्रॉसिंगचं वर्णन इतकं तपशीलवार आहे, की तुझा आवाजच ऐकू येतो.’’ मग दाराला टेकून उभे राहिले. ‘‘तीन आठवडे तुझा राग आला होता. मग राग गेला आणि ती मुलगी यायला लागली. मला ती दिसलीच नव्हती. आता रोज दिसते.’’

मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं. मग आत जाऊन पेटी घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. ‘‘त्या दिवशीचं चित्र शेजाऱ्याने बघितलं, आकाश पिवळं आहे म्हणाला. हे आधी नीट कर.’’

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी बाराही घरं धुतली. ते पाढे म्हटल्यासारखे सांगत गेले आणि मी भरत गेले. डावीकडून पहिला गडद निळा. दुसरा निळा, आकाशाचा. तिसरा लाल. कोपऱ्यातल्या हळद-कुंकवावर त्यांचं बोट गेलं. हे काय, त्यांनी विचारलं. मी खंडेनवमी समजावून सांगितली. असू दे, म्हणाले.

मग आम्ही निघालो. माझ्या गाडीत, मी उजवीकडे, ते डावीकडे, पेटी मांडीवर. गल्लीच्या तोंडाशीच मला दिसलं, त्यांचा उजवा पाय खाली काहीतरी दाबत होता. एका हाताने दाराचं हँडल घट्ट धरलं होतं, बोटं पांढरी पडली होती. एवढ्या दिवसांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मी बोलत होते. हिरवा आहे, सर. डावीकडे बस. आजोबा कुत्रा घेऊन चाललेत, फुटपाथवरच आहेत.

पार्कजवळचं क्रॉसिंग आलं. मी गाडी थांबवली.

‘‘कुणी आहे?’’ त्यांनी विचारलं.

मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. ‘‘नाही. कुणी नाही.’’

मागून हॉर्न वाजला. मी हलले नाही.

‘‘मग थांबलीस का?’’

‘‘भीती वाटते, सर,’’ मी म्हटलं.

त्यांनी हँडलवरचा हात काढला नाही. समोर, जिथे त्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे बघत म्हणाले, ‘‘चालू दे. चालू दे.’’